नाव बाटलीवर, झाकणावर नव्हे

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (वाकण्याची मला सध्या मनाई आहे. पोटात दुर्बीण घालून तीस ठिकाणी चिमटे काढल्यावर डॉक्टर जे जे करू नका म्हणतात, त्यात तेही येते. तेव्हा हा नमस्कार कागदावरच वाकला असे समजावे.) तुझा डावा गुडघा आता कसा आहे? वहिनींची कंबर? भूक व्यवस्थित लागते ना? दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटते का, जेवणानंतर मळमळते का, गेल्या वर्षभरात वजन किती उतरले? हे प्रश्न मी पत्राची रीत म्हणून विचारत नाही, त्यामुळे 'इकडे सर्व ठीक' असले मोघम उत्तर चालणार नाही. वजन किलोत आणि एका दशांश स्थळापर्यंत कळवावे. तुझ्या लेकीस आशीर्वाद. ती येत्या महिन्यात सव्वीस वर्षांची होईल, हे माझ्या लक्षात आहे.

आपण एकमेकांना पत्र लिहिले त्याला चार वर्षे झाली. तुझ्या शेवटच्या पत्रातल्या सहा चुका लाल शाईने दुरुस्त करून ते मी तुलाच परत पाठवले होते, हे खरे. पण बोलणे थांबले ते त्यामुळे नव्हे, हे आपण दोघेही जाणतो, आणि तो विषय मी या पत्रात काढणार नाही. (हा माझा आठवा मसुदा आहे. आधीच्या सातांत तो विषय निघाला, म्हणून ते फाडावे लागले.) पत्राचे कारण अगदी किरकोळ आहे. बाबांच्या शेवटच्या आजारपणाची निळी फाइल तुझ्याकडे असेल, ती मला हवी आहे. पण नुसती फाइल मागितली, तर तू "कशाला?" म्हणून विचारणार, आणि अर्धवट उत्तर देणे माझ्या स्वभावात नाही. म्हणून मुळापासून सांगते.

लहानपणी एकदा जेवताना मी तुला विचारले होते, की पोट जर मांस पचवते आणि पोट स्वतःही मांसाचेच आहे, तर ते स्वतःलाच कसे पचवत नाही? तू तेव्हा बारा वर्षांचा होतास आणि ताटावरून मान वर न करता म्हणाला होतास, "गप जेव." या उत्तराने माझे समाधान झाले नाही. पुढची चाळीस वर्षे, दोन पदव्या आणि एक डॉक्टरेट मी त्याच प्रश्नापायी खर्च केली. तेव्हा माझ्या या व्यवसायाचे मूळ तुझ्या त्या ताटात आहे, हे तू विसरू नयेस. खरे उत्तर असे. जठराच्या आतल्या बाजूला आम्लाला मांसापर्यंत पोचू न देणारा एक बुळबुळीत थर असतो, आणि तो म्युसिन नावाच्या प्रथिनांचा असतो. पृष्ठभागावरच्या पेशी एका जातीचे म्युसिन तयार करतात, खोल ग्रंथींतल्या पेशी दुसऱ्या जातीचे. आम्ही त्यांना पाच नंबर आणि सहा नंबर म्हणतो. (पूर्ण नावे लिहिली, तर तू पत्र वहिनींच्या हाती देऊन बागेत निघून जाशील.) प्रत्येक म्युसिन म्हणजे बाटली धुण्याचा ब्रश समज: मध्ये प्रथिनाची तार आणि भोवती साखरेच्या साखळ्यांचे केस. गंमत पुढेच आहे. त्या केसांच्या टोकांना तीच खूण असते, जी रक्तातल्या पेशींवर असते आणि जिला आपण रक्तगट म्हणतो. पाचांतले चार जण आपला रक्तगट असा पोटातही उघड लावून बसतात, पाचवा लावत नाही. (बाबा त्या पाचव्यांतले असावेत असे मला नेहमी वाटे, पण हे शास्त्रीय विधान नव्हे.)

आमच्या प्रयोगशाळेत आजारी जठरांचे तुकडे येतात. ते मेणात बसवून त्यांच्या चकत्या कापायच्या, चकत्यांवर रंग चढवायचे आणि कोणते म्युसिन कुठे आहे, कुठे नको तिथे गेले आहे, ते पाहायचे. मात्र रंग बरोबर चढला की नाही हे कळायला प्रत्येक खेपेस शेजारी एका निरोगी जठराची चकती ठेवावी लागते. तू जमिनीच्या मोजणीला उभा राहिलास की आधी असा एक दगड शोधायचास, ज्याला कुणी हात लावलेला नाही, आणि मग सारे शिवार त्याच्यापासून मोजायचास. हा आमचा तो दगड. इतर प्रयोगशाळा तो ऑपरेशनमध्ये काढलेल्या जठराच्या 'बऱ्या' कडेतून घेतात. मला हे कधीच पटले नाही. छत गळणाऱ्या खोलीतला कोरडा कोपरा पाहून कुणी घर घेते का? खात्रीचे निरोगी पोट शोधण्यासाठी मी सहकाऱ्यांची यादी केली आणि एकेक नाव खोडत गेले. हा तंबाखू खातो, ही डोकेदुखीच्या गोळ्या खाते, तो खोटे बोलतो (याचा पोटाशी संबंध असतो). शेवटी दोनच नावे उरली. एक माझे आणि दुसरे सुरीवाल्यांचे.

सुरीवाले म्हणजे आमचे तंत्रज्ञ. गेली सव्वीस वर्षे ते मेणाच्या ठोकळ्यातून चार मायक्रॉन जाडीच्या चकत्या कापत आहेत. (तुझ्या हिशेबाने सांगायचे, तर केसाला धरून उभे वीस भाग कर, त्यातला एक.) चकती पाण्यावर तरंगायला लागली की ते श्वास रोखून तिला काचेवर उचलतात, आणि त्या क्षणी मीसुद्धा बोलत नाही, यावरून तू काय ते समज. हाताला इतका नेमकेपणा असलेल्या माणसाचे अक्षर मात्र पाहवत नाही. त्यांच्या तीनचा नऊ होतो आणि 'जठर' लिहिले की 'नजर' वाचावे लागते. त्यामुळे बाटल्यांवर नावे लिहिण्याचे काम मी त्यांच्याकडून केव्हाच काढून घेतले आहे. आमच्या भिंतीवर एक चौकट टांगलेली आहे. तीत माझ्या अक्षरात लिहिले आहे: 'नाव बाटलीवर, झाकणावर नव्हे.' कारण झाकणे इकडची तिकडे होतात. बाटली आपल्या जागी राहते. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हे वाक्य तीनदा म्हणायला लावते.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी आम्ही दोघांनी उपाशी पोटी जाऊन दुर्बीण गिळली. दुर्बीणवाले डॉक्टर (मी त्यांना फारसे मानत नाही, ते काम करताना गुणगुणतात) दोघांच्या जठराचे तुकडे दोन बाटल्यांत टाकून पुढच्या पेशंटकडे गेले. बाहेरच्या फडताळावर त्या बाटल्या ठेवून सुरीवाले खिशातून पेन काढू लागले, तर मी त्यांना म्हटले, "राहू द्या." छापील लेबले मी बरोबर आणलीच होती. माझ्या बाटलीला 'एक', त्यांच्या बाटलीला 'दोन'. बाटल्यांना बाहेरून तुकडे टिकवायचे औषध लागले होते, त्यामुळे एका बाटलीवर लेबल मिलिमीटरभर तिरके बसले. तिरके लेबल मी आजवर दुसऱ्या कुणाचे खपवून घेतले नाही, तर स्वतःचे कसे घ्यावे? दोन्ही सोडवली, बाटल्या नीट पुसल्या, दोन्ही सरळ लावली. यास सव्वा मिनिट लागले असेल. हे सव्वा मिनिट लक्षात ठेव.

त्यानंतर तीन वर्षे दर आठवड्याला 'एक' आणि 'दोन' यांच्या चकत्या इतरांच्या पोटांशेजारी बसून मोजमाप ठरवत आल्या. 'एक' पाहताना मला जे वाटे, ते तुला सांगायला हरकत नाही. इतके नेटके जठर मी दुसरे पाहिले नाही: पाच नंबर वर, सहा नंबर खाली, मधली रेघ पट्टीने ओढल्यासारखी. एका परिषदेत मी त्याचे चित्र पडद्यावर लावले. खाली फक्त 'निरोगी मानवी जठर' असे होते, नाव नव्हते. पण मला ठाऊक होते, आणि मी त्या चित्रावर दोन मिनिटे जास्तच बोलले. 'दोन'बद्दल माझे मत मी सुरीवाल्यांपासून लपवले नव्हते. चालण्यासारखे आहे, असे मी त्यांना म्हणत असे, पण ग्रंथींत शिस्त कमी आहे, थोडा आळशीपणा दिसतो. त्यावर ते म्हणत, "माझंच आहे मॅडम, दुसरं काय निघणार?"

गेल्या महिन्यात 'दोन'ची दोनशे चौदावी चकती कापली. तिच्यात सात पेशी होत्या. गोल, फुगलेल्या, केंद्रक एका कडेला चेपलेले, खड्याच्या अंगठीसारख्या. त्यांना अंगठी-पेशीच म्हणतात. ज्या म्युसिनने अस्तर राखायचे, ते बाहेर न सोडता या पेशी आतल्या आत साठवत राहतात, फुगतात आणि मग एकेकट्या घर सोडून निघतात. या कॅन्सरची सुरुवातीला गाठ होत नाही, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. पण त्या दिवशी रंग असा अचूक उतरला होता, की पेशी कुणाच्या हे पाहण्याआधी मी आनंदाने सुरीवाल्यांना हाक मारली. "या, बघा. पुस्तकात छापावी अशी आहे." त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ पाहिले. "सुरेख आलीय मॅडम," ते म्हणाले. "कुणाची?" मी स्लाइड काढली, उजेडात धरली, लेबल वाचले आणि वाचत असतानाच म्हणाले, "तुमची."

माझे उच्चार स्पष्ट आहेत ही माझी ख्याती आहे, दादा. त्यांना पुन्हा विचारावे लागले नाही. ते "बरं" म्हणाले, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, "पाणी चाळीसला आलंय. पुढचा ट्रे घालू का?" मी "घाला" म्हटले.

पुढचे अकरा दिवस मी माझ्या परीने अत्यंत कर्तव्यदक्षपणे वागले. दुसऱ्याच दिवशी सुरीवाल्यांना दुर्बिणीखाली झोपवले. तीस तुकडे काढले, मी स्वतः पाहिले, सगळे स्वच्छ. याचा अर्थ दुर्बीणवाल्यांनी चुकीच्या जागी चिमटे काढले, असे मी त्यांना लेखी कळवले. चार दिवसांनी पुन्हा तीस. पुन्हा स्वच्छ. "मॅडम, माणूस बरा असू शकतो की!" असे ते गुणगुणणे थांबवून म्हणाले, तेव्हा मी त्यांना सांगितले, की मी स्लाइड पाहते, माणूस नव्हे. सुरीवाल्यांचा घसा साठ चिमट्यांच्या येण्याजाण्याने इतका सोलवटला होता, की दोन दिवस ते कोमट पाण्यावर होते. तरी एकही रजा न घेता ते येत राहिले आणि जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यात बसून एका वहीत काही लिहीत राहिले. दहाव्या दिवशी ती वही त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली. चाळीस पाने. त्यांच्या जागी जो कुणी येईल त्याच्यासाठी सूचना: सुरी कोणत्या कोनात धरावी, मेण थंड असताना आवाज कसा येतो, पाणी किती तापवावे. पान एकतीसवर असे होते: 'मॅडम रागावल्या तर उत्तर देऊ नये. पाण्याचं तापमान सांगावं. त्या आकडा ऐकला की शांत होतात.' आणि त्याखाली: 'एक नंबरचा ठोकळा फार जपून कापावा. तो मॅडमचा आहे आणि त्यांना त्याचं फार आहे.' वही वाचून मी काय केले असेल, हे तुला सांगायला नको. शुद्धलेखनाच्या बावन्न चुका मी लाल शाईने दुरुस्त केल्या आणि वही परत दिली. ते "थँक्यू मॅडम" म्हणाले. उपरोधाने नव्हे, त्यांना उपरोध येत नाही.

आता रक्तगटांकडे येते. म्युसिनचे काम संपत आले होते आणि त्यांवरच्या रक्तगटांच्या खुणा शोधायचे दुसरे काम याच महिन्यात सुरू व्हायचे होते. त्यासाठीची रसायने बाराव्या दिवशी आली. पहिली खेप नेहमीप्रमाणे 'एक' आणि 'दोन' यांचीच. माझा रक्तगट बी. सुरीवाल्यांचा ए, तसे त्यांच्या ओळखपत्रावर छापलेले आहे. म्हणजे 'एक' बीच्या रंगाने तपकिरी व्हायला हवे आणि एच्या रंगाने कोरे राहायला हवे. 'दोन'चे याच्या बरोबर उलट. प्रत्यक्षात सारेच उलटे झाले. माझे जठर पहिल्या थरापासून ए, ए, ए असे सांगत होते.

शास्त्रज्ञाने अशा वेळी शांतपणे सर्व शक्यता तपासाव्यात, तशा मी तपासल्या. फक्त कोणत्या क्रमाने तपासल्या हे आता पाहिले की मला तितके बरे वाटत नाही. प्रथम मी रसायनांच्या कंपनीला, बाटल्यांत अदलाबदल केल्याबद्दल, दोन पानी पत्र लिहिले. मग सुरीवाल्यांनी थेंब चुकीच्या काचेवर टाकले, असे ठरवले. (त्यांचा घसा अजून बसलेलाच होता, त्यामुळे त्यांना नाकारता आले नाही.) मग सारे काम माझ्या हाताने पुन्हा केले, आणि उत्तर तेच आले, तेव्हा फ्रिजचा दोष काढला. मग मला आठवले, की कॅन्सरच्या पेशी पुष्कळदा स्वतःची खूण टाकून देतात, क्वचित परकी खूणही लावतात. या आठवणीने मला जो दिलासा मिळाला, तो कॅन्सरच्या आठवणीने मिळालेला जगातला पहिलाच असावा. पण 'दोन'मधल्या त्या सात पेशी सोड. त्यांच्या भोवतीच्या हजारो धडधाकट, सभ्य पेशीही 'बी' असेच सांगत होत्या, आणि त्यांना खोटे बोलण्याचे काहीच कारण नव्हते. शेवटी मला माझा रक्तगटच चुकीचा माहीत असेल, अशी आशा धरून मी बोटाला सुई टोचली. बी. मग एकच संशयित उरला, आणि तो मी यादीत घेतलाच नव्हता.

ते सव्वा मिनिट, दादा. सोडवलेली लेबले कुठेतरी ठेवायला हवी होती. फडताळ ओले होते, हात ओले होते. म्हणून मी ती झाकणांवर चिकटवली. फक्त बाटल्या पुसून होईपर्यंत. काठांना औषध लागले होते, म्हणून झाकणे काढली, काठ पुसले, झाकणे लावली, मग लेबले झाकणांवरून काढून बाटल्यांवर लावली. अगदी सरळ लावली. आजही त्या दोन बाटल्या जपून ठेवलेल्या आहेत, आणि इतकी सरळ लेबले तुला कुठेही पाहायला मिळणार नाहीत. सुरीवाल्यांनी पेनने काचेवर नाव लिहिले असते, तर ते वाचता आले नसते, पण बरोबर असते.

तेव्हा आता वस्तुस्थिती अशी. ज्या जठराबद्दल मी परिषदेत दोन मिनिटे जास्त बोलले, ते सुरीवाल्यांचे. आळशी, बेशिस्त आणि सात पेशींचे माझे. शिवार मोजायचा तो पक्का दगडच तीन वर्षे हलत होता, आणि मी त्याच्यावरून दुसऱ्यांच्या जमिनी ठरवत होते.

सुरीवाल्यांना मी त्याच टेबलापाशी सांगितले; या वेळी त्यांना आधी स्टुलावर बसवले. (मी शिकते, सावकाश का होईना.) "म्हणजे मला नाही?" त्यांनी विचारले. मी नाही म्हटले. "मग तुम्हाला?" मी हो म्हटले. त्यावर त्यांनी जे केले, ते मला अजून नीट सहन झालेले नाही. ते ढसाढसा रडले. माझ्यासाठी की स्वतःसाठी, हे त्यांनी स्पष्ट केले नाही, आणि मी प्रथमच स्पष्टीकरण मागितले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "तुम्हीच का त्या?" मी हो म्हटले. "अकरा दिवस हे मला सिलिंडर कसा बदलायचा ते शिकवत होते," त्या म्हणाल्या. "बँकेत कुठं सही करायची ते शिकवत होते. मी रडत होते आणि हे म्हणत होते, रडू नंतर, आधी सिलिंडर बघ. एका चिठ्ठीपायी, बाई! एवढ्याशा चिठ्ठीपायी!" ती चिठ्ठी नव्हती, लेबल होते, हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आले होते, आणि ते मी गिळले; माझ्या पोटात जे गेले पाहिजे असे काही गेले असेल, तर ते एवढेच. मग त्या जायला वळल्या, आणि वळता वळता म्हणाल्या, "तुमच्या घरी कुणी आहे का?" हा टोमणा मला इतका लागला, की दोन दिवस मी त्याला चोख उत्तरे रचत होते, चौथे तर उत्कृष्ट जमले होते. तिसऱ्या दिवशी मी स्वतः दुर्बिणीखाली पडले, शुद्धीवर आल्यावर नर्सने विचारले, "न्यायला कोण आलंय?", आणि मला एकदम कळले, की त्या बाईंनी टोमणा मारलाच नव्हता. त्यांनी प्रश्न विचारला होता.

(त्या दिवशी मला घरी न्यायला सुरीवाले आले होते. रस्ताभर मेणाच्या नव्या जातीबद्दल बोलले. चुकीची माहिती होती; मी दुरुस्त केली नाही.)

माझ्या तीस तुकड्यांपैकी चारांत त्या पेशी निघाल्या. जागोजाग, एकेकट्या. सर्जन म्हणतात, थोडे काढून भागणार नाही, सगळेच जठर काढावे लागेल; अजून उशीर झालेला नसावा. 'नसावा' हा शब्द मी त्यांना दोनदा उच्चारायला लावला, पण त्यांनी तो बदलला नाही. त्यानंतर अन्ननळी थेट आतड्याला जोडतात आणि माणूस थोडे थोडे, सावकाश, सहा वेळा जेवतो. 'गप जेव' हा तुझा सल्ला मला आता उरलेल्या आयुष्यासाठी वैद्यकीय कारणाने मिळाला आहे.

तर निळी फाइल तेवढी नोंदणीकृत टपालाने पाठवावीस, म्हणजे बाकी काही त्रास नाही. वहिनींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. : फाइल पाठवू नकोस. तिच्यात काय आहे हे मला ठाऊक आहे. बाबांच्या पोटातला तुकडा कुणी काढलाच नव्हता, म्हणून 'अल्सर' हा एक शब्द आणि पुढे औषधांची बिले. माझ्या रक्तात एक जनुक तुटके निघाले आहे, आणि बाबांचे अखेरचे महिने आठवले तर ते कुठून आले याची मला शंका नाही. तुझ्यात ते असण्याची शक्यता निम्मी. तुझ्यात असेल, तर तुझ्या लेकीत असण्याची पुन्हा निम्मी. आधी फक्त रक्त तपासायचे आहे. चिठ्ठी सोबत जोडली आहे, या आठवड्यात जा. पत्राच्या आरंभी भुकेचे प्रश्न विचारले ते यासाठी. त्यांची उत्तरे काहीही असली तरी जा. मलाही तीन वर्षे उत्तम भूक लागत होती.

ता. क. २ : तो विषय. बाबांना नेले त्या सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांदेखत, मी तुला म्हणाले होते, "सात महिने तुझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि तुला दिसलं नाही?" मी आदल्या दिवशी आले होते. तू सात महिने त्यांची उलटीची भांडी धूत होतास. तुझ्या हातात तेव्हाही एक होते. ते तू खाली ठेवलेस आणि निघून गेलास. माझे तर तीन वर्षे मेणात, माझ्याच टेबलावर, हाताच्या अंतरावर होते. दिसले तेव्हा चारशेपट मोठे होते, रंगवलेले होते, आणि तरी मी नाव दुसऱ्याचे वाचले. हा परिच्छेद क्षमा मागण्यासाठी आहे. त्याची रचना मला आठव्या मसुद्यातही साधलेली नाही, तेव्हा आहे तसा घ्यावा. चुका आढळल्यास लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवण्याचा तुला अधिकार आहे.

ता. क. ३ : ऑपरेशन पुढच्या गुरुवारी सकाळी आठ वाजता आहे. अर्जात 'जवळचे नातेवाईक' असा रकाना होता. त्यात मी तुला न विचारता तुझे नाव लिहिले आहे. माझ्या उशाशी येऊन बसावेस अशी अपेक्षा नाही. मी शुद्धीवर नसेन, आणि तुला नुसते बसून राहणे जमत नाही. तुझे काम दुसरीकडे आहे. अकराच्या सुमारास माझे जठर एका बरणीतून आमच्या प्रयोगशाळेत येईल. तिथे ते सुरीवाले ताब्यात घेतील. छापील लेबले मी कुलुपात ठेवली आहेत. नाव ते स्वतः, त्यांच्या पेनने लिहिणार आहेत, आणि तशी लेखी परवानगी मी दिलेली आहे. पण त्या दिवशी ते घाबरलेले असण्याची शक्यता आहे, आणि माणूस घाबरला की कुठेही लिहितो, हे मी अनुभवाने सांगते. तू फक्त त्यांच्या शेजारी उभा राहा. नाव बरणीवर लिहिले आहे, झाकणावर नाही, एवढे पाहा. तिरके आले तर येऊ दे.